ठिपका वाढला की मोजपट्टी

माणसाच्या छातीत काय दडले आहे हे त्याच्या बायकोला कळायच्या आधी सावलीबाईंना कळे, आणि तेही त्याचे तोंड न पाहता. त्यांचे कामच तसे होते. दिवसभर त्या एका अंधाऱ्या खोलीत बसत. समोरच्या पडद्यावर माणसे येत, म्हणजे माणसांच्या सावल्या येत, आणि बाई एकेक सावली वाचून तिच्याखाली चार ओळी लिहीत. त्यांचे खरे नाव बाहेरच्या पाटीवर होते, नावापुढे पदव्याही होत्या. पण पाटी वाचतो कोण? एकदा एका म्हातारीने दारातून विचारले, "त्या सावल्या वाचणाऱ्या बाई आहेत का आत?" तेव्हापासून त्या सावलीबाई झाल्या, आणि त्यांनाही ते नाव पदव्यांपेक्षा बरे वाटू लागले.

परीक्षा त्या मोठ्या कॉलेजात पास झाल्या होत्या. वाचायला मात्र शिकल्या सासरी. त्यांच्या सासऱ्यांनी, मामंजींनी, या भागात पहिले एक्स-रेचे मशीन आणले. त्या काळी फिल्म धुवायची असे. ओल्या फिल्म चिमट्याला लावून दोरीवर टांगत, आणि सून नि सासरा त्या वाळेपर्यंत खाली उभे राहून मान वर करून वाचत. मामंजी फार बोलत नसत. त्यांचा एकच नियम होता. नव्या चित्राशेजारी त्याच माणसाचे जुने चित्र लावल्याशिवाय मत लिहायचे नाही. बाई घाईघाईने काही लिहायला बसल्या की ते मागून विचारत, "शेजारी कोण आहे?" शेजारी कुणी नसले तर ते कागद काढून घेत, चार घड्या घालून खिशात ठेवत, आणि कोरा कागद पुढे करत. रागावत नसत. त्यामुळेच बाईंना ते जास्त लागे.

घरात सावल्यांचे वेड नसलेला एकच माणूस होता, तो म्हणजे बाईंचा नवरा. तो शाळेत भूगोल शिकवी आणि जेवताना कुणी फुप्फुसाचा विषय काढला की ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाई. त्याचा धाकटा भाऊ मात्र या धंद्यात मुरलेला. बाई त्याला भाऊजी म्हणत. भाऊजींना सावलीतले काही कळत नसे, पण मशीन, तारा, माणसे आणि भांडणे हे सगळे तेच सांभाळत.

पुढे फिल्म गेल्या. मामंजी असतानाच एकाची तीन केंद्रे झाली: एक बाजारात, एक स्टेशनसमोर, एक नदीपलीकडे. नंतर मामंजीही गेले. तिन्हीकडची चित्रे तारेवरून बाजारातल्या इमारतीत येत आणि एका काळ्या पेटीत साठत. या पेटीला धंद्यातली माणसे काहीतरी इंग्रजी नाव देतात. बाई तिला कोठार म्हणत. कोठारच ते. धान्याच्या कोठारात पोती, तशी यात माणसे रचलेली. कुणाचे गुडघे, कुणाचा मणका, कुणाच्या पोटातले अजून जन्म न घेतलेले मूल. आणि तीच माणसे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा, आधी सडपातळ, मग भरलेली, मग वाकलेली.

पण कोठार म्हातारे झाले. ते बनवणारी कंपनी बंद पडली होती. पेटीतला पंखा घरघरत असे. नवे चित्र कसेबसे येई. जुने मागितले की पडद्यावर एक गोल फिरत राही. फिरून फिरून कधी चित्र येई, कधी गोलच विझून जाई.

"वहिनी, एक दिवस ही पेटी डोळे मिटणार," भाऊजी म्हणाले. "आणि आपल्याकडची निम्मी माणसं तिच्याबरोबर जाणार. नवी घ्यायलाच हवी."

"घ्या की. मी कुठं अडवलंय?"

"तुम्हीच अडवलंय. तीन कंपन्या येऊन गेल्या. तुम्ही प्रत्येकाला असलं काहीतरी विचारता की ती माणसं पाणी न पिता जातात."

खोटे नव्हते ते. विकायला येणारा माणूस पडद्यावर चित्रे भिंगरीसारखी फिरवून दाखवी, रंग भरून दाखवी, आणि बाई कौतुकाने बघत. त्यांना अशा गोष्टींची लहान मुलासारखी हौस होती. मग त्या हळूच विचारत, "एक सांगा, ही चित्रं तुमच्याकडे दिल्यावर उद्या आम्हाला दुसरीकडे जायचं झालं तर ती परत कशी मिळतील?" तिथे समोरच्याचा चेहरा उतरे.

शेवटच्या कंपनीच्या माणसाचा चेहरा मात्र उतरला नाही. भाऊजींनी त्याचे नाव हसरा ठेवले होते, कारण तो नमस्कार करतानाही हसे आणि चप्पल शोधतानाही. तो म्हणाला, "बाई, लग्न ठरवायला आलोय आणि तुम्ही काडीमोडाचं विचारताय."

"मला दोन्ही विचारून ठेवायची सवय आहे," बाई म्हणाल्या.

हसऱ्याने एक सुचवले. आधी नुसते वापरून बघा. नदीपलीकडच्या केंद्राची नवी चित्रे काही आठवडे आमच्या कोठारात येऊ द्या, जुनी जुन्यातच राहू द्या. आवडले तर सही करा. भाऊजींना हे पटले. बाईंनाही पटले, कारण नवे कोठार आतून कसे आहे याची त्यांनाच जास्त उत्सुकता होती.

आणि ते खरेच छान होते. चित्र मागायचा अवकाश, समोर हजर. बाईंची तीन केंद्रांची रांग दुपारीच संपू लागली. डोक्यावरचे ओझे कुणी उतरवून ठेवावे तसे त्यांना झाले.

अशाच एका दिवशी पेंटरचे चित्र आले.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. छापील पाट्यांच्या दिवसांतही हाताने अक्षरे काढणारा गावात तो एकटाच उरला होता. आयुष्यभर रंग आणि टर्पेंटाइन हुंगून त्याची छाती भात्यासारखी वाजे. काही वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या फुप्फुसात एक ठिपका सापडला होता. तेव्हा मोठ्या इस्पितळात सगळे तपास झाले, आणि ठिपका जुन्या जखमेचा वण असावा, पण लक्ष ठेवा, असे ठरले. तेव्हापासून पेंटर नदीपलीकडच्या केंद्रात दरवर्षी छातीचा एक्स-रे काढून घेई. वाढला नाही तर काही नाही. वाढला तर मात्र बरगड्यांमधून सुई घालून आतला तुकडा काढायचा. आणि त्याची छाती एवढी पोकळ झालेली की सुईने फुप्फुस फुटून बसण्याची भीती होती. म्हणजे त्या माणसाचे सगळे त्या ठिपक्याच्या मापावर टांगलेले.

बाईंनी ठिपक्याच्या एका कडेवर खूण केली, दुसऱ्या कडेवर केली, आणि कोठाराने आकडा सांगितला. साडेअकरा मिलिमीटर.

त्यांनी जुने चित्र मागवले. जुन्या पेटीत गोल फिरू लागला. फिरत राहिला. बाहेर माणसे खोळंबली होती. मागच्या वर्षीचा रिपोर्ट मात्र हाताशी होता, बाईंच्याच शब्दांतला: ठिपका नऊ मिलिमीटर, पूर्वीइतकाच. बाईंनी गोलाकडे पाहिले, रिपोर्टकडे पाहिले. आकडा आपणच मोजलेला, आपणच लिहिलेला. चित्र कशाला हवे? त्यांनी गोल बंद केला आणि लिहिले, ठिपका वाढला आहे.

दुसऱ्या दिवशी पेंटर समोर येऊन बसला. त्याच्या नखांत निळा रंग होता.

"बाई, माझा भाडेकरू काय म्हणतो?"

"थोडा पसरलाय, पेंटर."

"भाडं न देता पसरतोय म्हणजे काय." तो हसला, आणि मग हसला नाही. "सुई?"

"सुई. पुढच्या आठवड्यातली वेळ घेते मी तुमच्यासाठी."

"घ्या," पेंटर म्हणाला. उठताना त्याने खुर्ची नीट आत सारली, जशी माणूस परक्या घरात सारतो. दारातून वळून म्हणाला, "किराणावाल्याच्या पाटीची तीन अक्षरं राहिलीत. तेवढी करून जातो."

त्याच्या मागे दार लागले, तरी बाईंनी पुढच्या माणसाला बोलावले नाही. त्यांना वाईट वाटत होते, पण अशी बातमी त्यांनी पुष्कळांना सांगितली होती. हे वेगळे होते. कपड्यात राहिलेले कुसळ टोचत राहते आणि सापडत नाही, तसे काहीतरी होते. त्यांनी पेंटरचे चित्र पुन्हा उघडले आणि हनुवटीखाली हात घेऊन नुसत्या बघत बसल्या.

ठिपका मोठा होता, आकडा खरा होता. पण वाढणारी वस्तू कधी साधी वाढत नाही. वाढताना तिची कड सुटते, एखाद्या बाजूला कोंब फुटल्यासारखी धावते. हा ठिपका वाढला होता, आणि तरी सुपारीसारखा गुळगुळीत तसाच्या तसा होता. जणू कुणी त्याच्यावर भिंग धरले होते. 'हे कसं काय बाबा,' बाई स्वतःशी म्हणाल्या. चूक सापडेल म्हणून नव्हे, कोडे पडले म्हणून त्या पुढे सरकल्या. भिंग धरले असेल तर ते एका ठिपक्यावर कसे धरता येईल? त्यांची नजर ठिपक्यावरून वर चढली, बरगड्या ओलांडून खांद्याकडे गेली, आणि गळ्याच्या हाडापाशी थांबली. तिथे एक पांढरीशुभ्र रेघ होती. पेंटर तरुणपणी शिडीवरून पडला होता. हाड जोडायला डॉक्टरांनी पोलादाची सळई घातली होती आणि ती तशीच राहिली होती.

बाईंनी सळई मोजली. मग जुन्या पेटीत मागच्या वर्षीचे चित्र मागवले आणि भाऊजींना हाक मारली.

"बसा माझ्याबरोबर. मी एकटी बसले तर कंटाळून हा गोल बंद करीन."

दोघे बसले. गोल फिरला. एकदा विझला. भाऊजी मागच्या खोलीत जाऊन पेटीला दोन चापट्या मारून आले. पुन्हा फिरला, आणि शेवटी चित्र आले. बाईंनी त्यातली सळई मोजली. आकडा बघितला आणि पुन्हा एकदा मोजली.

"भाऊजी, पोलाद वाढतं का हो?"

"गंजतं. वाढत नाही."

"पेंटरच्या अंगातलं वाढलंय. वर्षभरात पावपटीहून जास्त. ठिपका वाढलाय तेवढंच."

भाऊजींनी एका पडद्याकडे पाहिले, दुसऱ्याकडे पाहिले. "म्हणजे पेंटरच मोठा झालाय?"

"किंवा मोजपट्टी छोटी झालीय," बाई म्हणाल्या. ही पेंटरची एकट्याची गोष्ट नव्हती. नदीपलीकडून आलेली सगळी चित्रे या पट्टीने मोजली होती.

त्याच दुपारी दोघे नदीपलीकडे गेले. ते केंद्र एका जुन्या गोदामातल्या अरुंद खोलीत होते. एका भिंतीला मशीनचा किरण सोडणारा दिवा, समोरच्या भिंतीत चित्र टिपणारी पाटी. बाई या खोलीत शेकडो वेळा आल्या होत्या, पण आज त्या पहिल्यांदा आल्यासारख्या फिरल्या. पाटी भिंतीच्या खोबणीत आत बसवलेली होती, पुढे आडवा दांडा होता, आणि माणूस छाती टेकून उभा राहिला तरी पाटीपासून हातभर दूरच राही. दिवाही खोली लहान म्हणून जवळ आलेला.

बाईंनी चहाच्या कपातला चमचा काढून पुसला.

"हा कशाला?" भाऊजी म्हणाले.

"याचा फोटो काढायचाय."

त्यांनी फुटपट्टीने चमचा मोजला आणि माणसाची छाती जिथे येते तिथे दोऱ्याने टांगला. चमच्याचा एक्स-रे निघाला. पडद्यावर तो दिमाखात आला, आणि बाईंनी मोजला तर लांबीला पावपटीहून जास्त भरला. लहानपणी कंदिलापुढे हात धरला की भिंतीवर राक्षसाचा पंजा उमटे, तसेच हे. हात भिंतीपासून दूर आणि दिव्याजवळ, म्हणून पंजा मोठा. बाईंना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना हे शिकवले होते. पण जुन्या कोठारात या केंद्राची मापे इतकी वर्षे बिनचूक येत होती की तिथे सावली मोठी पडते हे कुणाच्या मनातही आले नव्हते.

"मग तिथं बिनचूक कशी येत होती?" भाऊजींनी विचारले. विचारता विचारताच ते दांड्यावर टेकले. मग हळू म्हणाले, "वहिनी, हे केंद्र सुरू झालं तेव्हा बाबा इथं एक अख्खी दुपार बसले होते. दादाची शाळेतली पट्टी घेऊन. कोठारवाल्या कंपनीच्या माणसाला त्यांनी उठूच दिलं नाही. मला वाटलं, म्हातारपणी खेळतायत."

बाईंना उलगडा झाला. मामंजींनी पट्टीचा फोटो काढला असणार, ती किती वाढते ते पाहिले असणार, आणि तेवढे कापून माप दाखव असे कोठाराला सांगून ठेवले असणार. त्यांचे ते काम कोठाराच्या पोटात कुठेतरी मूकपणे चालू होते. नव्या कोठाराला ते कुणी सांगितलेच नव्हते.

त्यांनी चमच्याच्या हिशेबाने पेंटरचा ठिपका पुन्हा काढला. नऊ आला. जेमतेम नऊ.

बाईंनी तिथूनच पेंटरला फोन लावला. "सुईला जाऊ नका. उद्या सकाळी आधी माझ्याकडे या."

पलीकडे बराच वेळ शिडी हलल्याचा आवाज येत राहिला. "त्याहून वाईट आहे का काही?" पेंटरने विचारले.

"नाही. चूक माझी आहे. मी चुकीचं मोजलं. तुमचा ठिपका वाढला नाही. पण हे फोनवर ऐकून तुम्ही विश्वास ठेवू नका. स्वतः येऊन बघा."

संध्याकाळी हसरा सहीचे कागद घेऊन आला तेव्हा बाईंनी त्याच्यापुढे चमचा ठेवला. झाले ते सगळे सांगितले. हसरा चांगला माणूस होता; त्याने थट्टेवारी नेले नाही.

"माप दुरुस्त करायची सोय आमच्याकडे आहे, बाई. तुम्ही सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी केलं असतं."

"मला माहीत असतं तर सांगितलं असतं. पण जुन्या कोठारात तो आकडा आहे. तुम्ही चित्रं आणाल तेव्हा तोही घेऊन याल ना? आणि मी इतकी वर्षं चित्रांवर ओढलेल्या रेघा, केलेल्या खुणा?"

हसऱ्याने कागद सारखे केले. "त्या गोष्टी जुन्या कंपनीनं स्वतःच्या पद्धतीनं, आडबाजूला ठेवल्यात. चित्रं येतील. खुणांचं खरं सांगायचं तर... नाही."

"आणि तुमच्याकडे केलेल्या खुणा? त्या तरी सगळ्यांना वाचता येतील अशा ठेवता, की तुम्हीही आडबाजूला?"

या वेळी हसरा हसला नाही. "आडबाजूला," तो म्हणाला.

भाऊजींनी कागद त्याला परत दिले. आधी पाणी न पिता गेलेल्यांपैकी एका कंपनीची बाई होती. तिचे कोठार दिसायला साधे, रंगबिंग काही नाही, बोलतानाही ती अडखळे. तिला त्यांनी पुन्हा बोलावायचे ठरवले, आणि अट एकच घातली: आमची काही चित्रे, खुणा आणि मापांसकट, आधी तुमच्यात घाला आणि मग आमच्यासमोर बाहेर काढून तिऱ्हाइताच्या मशीनवर दाखवा. तिला ते जमायला दोन फेऱ्या लागल्या, पण जमले. सही तिच्या कागदावर झाली. नदीपलीकडची तोवरची सगळी चित्रे बाईंनी पुन्हा मोजली, ज्या ज्या रिपोर्टात आकडा होता तो दुरुस्त केला, आणि त्या त्या माणसाला स्वतः कळवले.

पण हे सगळे पुढचे. त्या सकाळी पेंटर दार उघडायच्या आधीच पायरीवर बसलेला होता. अंगात धुतलेला सदरा, हातात कपड्यांची पिशवी.

"बायकोनं इस्पितळासाठी भरून ठेवली होती," तो म्हणाला. "म्हणाली घेऊनच जा, बाई पुन्हा काय मोजतील नेम नाही."

"बरोबर आहे त्यांचं," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्याला आत नेले, स्वतःच्या खुर्चीत बसवले, आणि दोन चित्रे शेजारी शेजारी लावली. मागच्या वर्षीचा पेंटर, या वर्षीचा पेंटर. आधी सळई दाखवली, इकडची आणि तिकडची. मग ठिपका. मग चमच्याचे चित्र लावून सगळे सांगितले. काही लपवले नाही, शेजारचे चित्र न बघता लिहिले हेही सांगितले, आणि माफी मागितली. पेंटर ऐकत होता.

"काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही."

"पोराला सांगितलं, शिडी विकून टाक." त्याने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "विकली नाही अजून त्यानं. आळशी आहे, म्हणून वाचली."

माफी बाईंनी एकदा मागितली होती. दुसऱ्यांदा मागून ती हलकी करायची नव्हती. मग पेंटरची नजर, राग तसाच ठेवून, हळूहळू पडद्याकडे गेली. इतक्या वर्षांत त्याने हे चित्र कधी पाहिले नव्हते. त्याला नेहमी बाहेरच सांगितले जाई, वाढला, नाही वाढला.

"हे काय आहे, हे पंख्यासारखं?"

"फुप्फुस. डावं."

"आणि हा मधला पांढरा गोळा?"

"काळीज तुमचं."

"एवढंच?" तो पुढे वाकला. "आणि हे बारीक बारीक, झाडाच्या फांद्यांसारखं?"

"रक्ताच्या नळ्या."

"सरळ एकही नाही त्यात." त्याने निळ्या नखाचे बोट पडद्याला न लावता, हवेतच एका फांदीवरून खालपर्यंत नेले, ब्रश नेतात तसे, मनगट न हलवता. "हिचं टोक कुठं जातं?"

"बघू या," बाई म्हणाल्या, आणि दुसरी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसल्या. बाहेर भाऊजींनी दारावर टकटक केली, रांग वाढली होती. बाईंनी आतून सांगितले, थांबायला सांगा, थोडा वेळ लागेल.